गोव्यातील महिला राजकारणी आणि त्यांची माध्यमांतली प्रतिमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पंच, नगरसेविका, जिल्हा पंचायत सदस्य आणि आमदार महिलांसाठी, त्यांचे प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि गावोगावच्या वार्ताहरांसाठी आहेत. कायद्याच्या मुदती जिथे महत्त्वाच्या आहेत तिथे त्या आकड्यांत दिल्या आहेत.

गोव्यात मतदार उमेदवाराला तोंडओळखीने जाणतात. मग माध्यमांनी बनवलेल्या प्रतिमेचा एवढा बाऊ कशाला?

गोव्यात विधानसभेचा मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदारांचा असतो. लग्नात, जत्रेत, फेस्ताला आमदार भेटतातच. पण भेटणे वेगळे आणि काम ठाऊक असणे वेगळे. विधानसभेत तिने कोणता प्रश्न विचारला, कोणती फाइल पुढे सरकवली, हे मतदाराला वर्तमानपत्र, स्थानिक वाहिनी किंवा व्हॉट्सअ‍ॅप यांतूनच कळते. शिवाय लहान जागेत कुजबूज लवकर फिरते, आणि तिच्याशी जुळणारी एक ओळ छापून आली की कुजबुजीला पुरावा मिळाल्यासारखे होते. म्हणून लहान मतदारसंघात चुकीच्या मथळ्याचे नुकसान मोठ्या मतदारसंघापेक्षा जास्त होते.

महिला नेत्याची ओळख नेहमी कुणाची तरी मुलगी, पत्नी किंवा सून अशीच का सुरू होते?

कारण उमेदवारीच बहुधा त्या वाटेने येते. २०२२ च्या निवडणुकीत चाळीस जणांच्या सभागृहात तीन महिला निवडून आल्या : ताळगावातून जेनिफर मोन्सेरात, पर्येतून दिव्या राणे आणि शिवोलीतून दिलायला लोबो. तिघींचेही पती त्याच सभागृहात निवडून आले. त्यामुळे वार्ताहर नाते लिहितो तेव्हा तो खोटे काही लिहीत नसतो. अडचण त्याच्या पुढची आहे. नाते पहिल्या ओळीत आले की काम तिसऱ्या परिच्छेदात जाते, आणि जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण शशिकलाताई काकोडकर. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांचे वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे निधन झाले आणि त्या मुख्यमंत्री झाल्या. एप्रिल १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या, आणि आजवर गोव्याला दुसरी महिला मुख्यमंत्री लाभलेली नाही. १९७५ चा मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती, म्हणजे कसणाऱ्याला जमिनीची मालकी देणारी तरतूद, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतल्या. कुळांच्या आणि मुंडकारांच्या हजारो कुटुंबांचे आयुष्य ज्यांनी बदलले अशी ही दोन विधेयके. तरी त्यांच्यावरचा लेख उघडा, बहुतेक वेळा पहिले वाक्य ‘भाऊसाहेबांची कन्या’ असेच असते. आमच्या मते हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, आणि तो आदराच्या सुरात होत असल्यामुळे तो अन्याय आहे असे कुणाला वाटतही नाही.

आलिना साल्ढाणा यांचेही असेच. पती माथानी साल्ढाणा यांच्या निधनानंतर २०१२ मध्ये त्या पोटनिवडणुकीतून आल्या आणि मंत्री झाल्या. पण २०१७ मध्ये कुठ्ठाळीने त्यांना पुन्हा निवडून दिले. पहिल्या विजयाला सहानुभूतीचे नाव देता येईल, दुसऱ्याला कसे देणार? दुसऱ्या कार्यकाळाच्या बातमीत नाते लिहायचेच असेल तर ते शेवटी यावे, एवढीच अपेक्षा आहे.

‘ताई’, ‘वहिनी’, ‘मम्मी’ अशी संबोधने वापरू द्यावीत की थांबवावीत?

सरसकट थांबवू नयेत. गोव्यात पुरुष नेत्यांनाही भाऊ, भाई, बाब, बाबूश अशीच हाक मारतात. सांताक्रूझच्या व्हिक्टोरिया फर्नांडिस ‘मम्मी’ या नावानेच ओळखल्या जात, आणि त्या नावात त्यांचा दरारा आणि जिव्हाळा दोन्ही होते. तामिळनाडूत ‘अम्मा’ आणि बंगालमध्ये ‘दीदी’ ही संबोधने तर सत्तेची नावे झाली.

फरक संबोधनांच्या जातीत आहे. ताई, दीदी, मम्मी ही नाती थेट लोकांशी जोडलेली आहेत. ‘वहिनी’ हे नाते मात्र नवऱ्यामार्फत येते : तो भाऊ, म्हणून ती वहिनी. पोस्टरवर तुम्हीच ‘वहिनी’ छापलेत तर वर्तमानपत्राने नाते पुढे आणले अशी तक्रार करायला जागा उरत नाही. आमचा सल्ला साधा आहे. लोकांच्या तोंडी जे संबोधन आपोआप येते ते सभेत राहू द्या. छापील साहित्यात, प्रसिद्धीपत्रकात आणि फोटोओळीत पूर्ण नाव आणि पद लिहा.

‘खंबीर’ बोलले तर उद्धट म्हणतात, सौम्य बोलले तर कमकुवत. यातून वाट कशी काढायची?

ही कोंडी जुनी आहे. १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांना ‘गूँगी गुड़िया’ म्हटले गेले, आणि पाचच वर्षांनी ‘दुर्गा’. दुर्गा हे विशेषण अटलबिहारी वाजपेयींच्या नावावर आजही सांगितले जाते, पण आपण तसे म्हटले नव्हते असे त्यांनी स्वतः स्पष्ट केले होते. विशेषण एकदा चिकटले की ते कुणी दिले हे कुणी तपासत नाही, हे यातून घ्यायचे.

उपाय आवाजाच्या पट्टीत शोधू नका. वाक्यात आकडा, तारीख आणि जबाबदार खाते असेल तर वार्ताहराला विशेषणाची गरज कमी भासते. ‘मी हे खपवून घेणार नाही’ या वाक्याचा मथळा ‘संतापल्या’ असा होतो. ‘जलवाहिनीचे काम मार्चअखेर पूर्ण व्हायचे होते, अजून ६०० मीटर बाकी आहे, सार्वजनिक बांधकाम खात्याने शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यावे’ या वाक्याचा मथळा कामावरच येतो. राग तोच असतो, पण उपसंपादकाच्या हाती वेगळे साहित्य पडते.

आपल्याबद्दलच्या बातम्या एकतर्फी आहेत, हे नुसत्या भावनेवर न सांगता कसे दाखवायचे?

पंधरा दिवसांची नोंद ठेवा. एक मराठी, एक इंग्रजी आणि एक कोंकणी दैनिक निवडा आणि एक स्थानिक वाहिनी. शक्य असेल तर शेजारच्या मतदारसंघातल्या, त्याच दर्जाच्या पुरुष प्रतिनिधीच्या बातम्याही त्याच तक्त्यात भरा. तुलनेशिवाय नोंदीला वजन येत नाही. प्रत्येक बातमीसाठी एवढे लिहा :

तारीख, पान आणि किती स्तंभ; मथळ्यातले क्रियापद (मांडले, मागणी केली, संतापल्या, भावूक झाल्या, उपस्थित राहिल्या); नात्याचा उल्लेख कितव्या वाक्यात; कपडे, वय किंवा दिसण्याचा उल्लेख; थेट अवतरणात किती शब्द; फोटोत कुठे उभ्या; विषय कोणता.

पंधरा दिवसांनी बेरीज करा. सर्वांत बोलका रकाना बहुतेकदा क्रियापदाचा निघतो. पुरुष ‘मागणी करतात’, बाई ‘उपस्थित राहते’. दुसरा बोलका रकाना अवतरणातल्या शब्दांचा. हा तक्ता घेऊन संपादकांना भेटलात तर बोलणे मुद्द्यावर होते. ‘तुम्ही आमच्यावर अन्याय करता’ एवढेच म्हणालात तर चहा मिळतो, पण बदल होत नाही.

संदर्भासाठी : जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प १९९५ पासून दर पाच वर्षांनी अशीच मोजदाद करतो. १९९५ मध्ये बातम्यांतल्या व्यक्तींमध्ये स्त्रिया १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के.

साडी, ड्रेस, कुंकू, केस यांवर चर्चा होते. उत्तर द्यावे का?

एकदाही देऊ नये. उत्तर दिले की विषय तुमचा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी होते. पत्रकाराने थेट विचारले तर ‘आज कामाबद्दल विचारा’ एवढे म्हणून पुढचा मुद्दा मांडावा.

फोटोत नेमके काय बिघडते?

गोव्यातल्या स्थानिक पानांवर महिला प्रतिनिधींचे फोटो बहुधा तीन प्रकारचे असतात : समई पेटवताना, ओटी किंवा पुष्पगुच्छ स्वीकारताना, आणि पुरुष नेत्यांच्या रांगेत टोकाला. टोकाची जागा सर्वांत घातक, कारण फोटो तीन स्तंभांवरून दोन स्तंभांवर आणताना कापला जातो तो कडेने.

म्हणून कार्यक्रमाचा फोटो दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. प्रत्येक वेळी दोन आडवे फोटो काढा. एक कामाच्या जागी, एकटीचा किंवा अधिकाऱ्याशी बोलतानाचा, हातात नकाशा किंवा फाइल असेल तर उत्तम. दुसरा गटाचा, ज्यात तुम्ही मध्यभागी किंवा मध्याच्या लगत आहात. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर धरा. व्यासपीठावरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात माणूस लहान आणि निमूट दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईत फुटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. फोटोओळ स्वतः लिहून द्या : नाव, पद, ठिकाण, तारीख, डावीकडून उजवीकडे कोण. ओळ नसलेल्या फोटोला उपसंपादक आपल्या आठवणीतून ओळ देतो, आणि आठवणीत नाते आधी येते.

प्रसिद्धीपत्रक पाठवले तरी छापून येत नाही, किंवा भलतेच छापून येते. का?

बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते. पत्रक लेटरहेडवर छापून, त्याचा फोटो काढून पाठवलेला असतो. डेस्कवर ते कुणाला तरी पुन्हा टाइप करावे लागते. तेवढा वेळ नसतो, म्हणून पहिल्या चार ओळी घेतल्या जातात आणि त्या चार ओळींत तुम्ही मान्यवरांची नावे घातलेली असतात.

मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच द्या. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेला मजकूर पाठवण्याआधी वाचा. रफार आणि ‘ऱ्या’ हमखास तुटतात. लांबी १५० ते २०० शब्द. पहिल्या वाक्यात काय झाले आणि किती. दुसऱ्यात त्याचा परिणाम कुणावर. तिसऱ्यात तुमचे अवतरण, २५ शब्दांच्या आत. मान्यवरांची यादी सर्वांत खाली. संध्याकाळी सहाच्या आत पाठवा. तालुक्याची पाने आधी सुटतात.

नमुना म्हणून दोन मथळे शेजारी ठेवून पाहा. ‘वहिनींच्या हस्ते गटाराच्या कामाचा शुभारंभ’ आणि ‘बाजारातले गटार पावसाआधी पूर्ण, ४० दुकानांत पाणी शिरणे थांबणार’. घटना एकच. पहिल्या मथळ्यात तिने नारळ फोडला, दुसऱ्यात तिने काम करून घेतले. दुसरा मथळा हवा असेल तर ४० हा आकडा पत्रकाच्या पहिल्या वाक्यात तुम्हीच द्यायला हवा.

मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तीन भाषांत एकच बातमी तीन वेगळी माणसे दाखवते. हे कसे सांभाळावे?

गोव्याबाहेरच्या सल्लागारांना ही गोष्ट समजत नाही, म्हणून थोडे विस्ताराने. मराठी दैनिकांचा वाचक डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा या भागांत दाट आहे. इंग्रजी दैनिक पणजी, मडगाव, किनारपट्टी आणि सचिवालयात वाचले जाते. वाहिन्यांवरची बातमी आणि बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे छोटे बोलणे, मुख्यतः कोंकणीत. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीचा वाचक आणि तियात्राचा, म्हणजे गाण्यांसह होणाऱ्या कोंकणी नाटकाचा, प्रेक्षक बराचसा एकच. प्रत्येकाच्या मनात बाईच्या पुढारीपणाचे वेगळे चित्र आहे. मराठी पानावर ती पटकन ‘मातृतुल्य’ होते, इंग्रजी पानावर अमक्याची ‘वाइफ’, वाहिनीवर भांडणारी बाय.

तिन्हीकडे एकच आकडा आणि एकच मागणी जाईल याची काळजी घ्या. वाहिनीसाठी कोंकणी बाईट २० ते ३० सेकंदांचा, एका दमात, मध्ये न थांबता. ४० सेकंदांच्या वर गेलात की संपादक कुठे कापेल ते तुमच्या हाती राहत नाही. इंग्रजी पत्रक मराठीचे यांत्रिक भाषांतर करून पाठवू नका. ‘जाब विचारला’ याचे इंग्रजीत भांडण झालेले दिसते. आणि शिक्षणाच्या माध्यमाच्या वादावर, म्हणजे शाळांच्या अनुदानाच्या भाषेवर, तीन पानांत तीन भूमिका दिसल्या तर गोव्यात त्याला माफी नाही. लोक तिन्ही पाने वाचतात.

तियात्र, नाटक, मालिका, सिनेमा यांचा खरोखर परिणाम होतो का?

होतो, आणि तो बातमीपेक्षा जास्त टिकतो. तियात्रात पडद्यांच्या मध्ये होणारी राजकीय कांतारां, म्हणजे गाणी, हे गोव्याचे जिवंत भाष्य आहे. एक चांगले कडवे शंभर प्रयोगांतून गावोगाव जाते आणि मग फोनवर फिरते. सत्ताधाऱ्यांना त्यात झोडपले जाते ते योग्यच आहे, आणि त्यातून महिला नेत्याला सूट मागू नये. पाहायचे ते एवढेच की कडवे तिच्या निर्णयावर आहे की तिच्या शरीरावर, चारित्र्यावर, नवऱ्याच्या ताब्यात असण्यावर. निर्णयावर असेल तर हसून टाळी द्यावी. चारित्र्यावर असेल तर गायकाशी किंवा निर्मात्याशी खासगीत बोलावे. जाहीर निषेध केला की त्या कडव्याला प्रसिद्धी मिळते. तियात्र १८९२ मध्ये मुंबईत सुरू झाले तेव्हा स्त्रियांच्या भूमिकाही पुरुष करत. रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या त्या १९०४ मध्ये. बाईची नक्कल करणारा पुरुष हा जुना हशा अजून पूर्ण गेलेला नाही, आणि महिला पुढाऱ्याचे पात्र आले की तोच साचा बाहेर काढला जातो.

मालिका-सिनेमांत साचे ठरलेले : कुंकू फासलेली कपटी बाई, पतीच्या निधनानंतर पांढऱ्या साडीत उभी राहिलेली त्यागमूर्ती, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करणारी बाहुली. अर्थसंकल्प वाचणारी, कंत्राटदाराचे बिल अडवणारी बाई पडद्यावर क्वचितच दिसते. त्यामुळे खरी बाई बिल अडवते तेव्हा प्रेक्षक तिला पहिल्या साच्यात बसवतात. ग्रामसभेत, शाळेत, महिला मंडळात बिल, मोजमाप पुस्तिका, निविदा या गोष्टी उघड करून दाखवणे हाच त्यावरचा उतारा आम्हाला दिसतो.

हळदीकुंकू आणि फुगडी स्पर्धा घेतल्याने प्रतिमा सुधारते का?

ओळख वाढते. पण वर्षभर फक्त तेच फोटो आले तर तुम्ही ‘महिलांच्या कार्यक्रमापुरत्या’ ठरता. गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये कुणाला मिळाले नाहीत याची यादी त्याच कार्यक्रमात घेतलीत तर त्याचा उपयोग आहे.

एक सावधगिरी. हळदीकुंकवाचा हंगाम संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, आणि गोव्याची विधानसभा निवडणूक अलीकडे फेब्रुवारीत येते. २०२२ मध्ये आचारसंहिता ८ जानेवारीलाच लागली होती. त्यानंतर उमेदवाराच्या नावाने वाण वाटणे म्हणजे मतदाराला भेटवस्तू देणे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली ते भ्रष्ट आचरण ठरू शकते. भरारी पथक व्हिडिओ काढते, खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. गोव्यात विधानसभेसाठी २०२२ मध्ये ठरलेली खर्चमर्यादा २८ लाखांची आहे.

नवराच सगळीकडे बोलतो. त्याने काय फरक पडतो?

फार मोठा. पंचायतीत महिलांसाठी राखीव जागा आहेत, पण वार्ताहराच्या फोनमध्ये नंबर नवऱ्याचा असतो. तो ‘तिच्या वतीने’ बोलतो आणि बातमी त्याच्या नावाने येते. निवडून आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या नावाचा नंबर सर्व वार्ताहरांना द्या, तो स्वतः उचला आणि घरच्यांना सांगा की माध्यमांशी बोलायचे नाही. बैठकीच्या इतिवृत्तात तुमचे म्हणणे तुमच्या नावाने नोंदले गेले का, ते पुढच्या बैठकीत कायम करण्याआधी वाचा.

कापलेली क्लिप किंवा बनावट फोटो फिरू लागला तर पहिल्या दिवशी काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुरावा, मग तक्रार, मग खुलासा. घाबरून लोक उलटे करतात : आधी चिडून पोस्ट लिहितात, तोवर मूळ पोस्ट उडवली जाते आणि हाती काहीच राहत नाही.

पोस्टचा दुवा, खात्याचे नाव, दिवस आणि वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, आणि शक्य तर स्क्रीन रेकॉर्डिंग. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत फॉरवर्ड करून साठवू नका. ज्या फोनवर ती आली तो फोन तसाच ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारा संकेतांक, लिहावे लागते. भाषणाची मूळ, अखंड फाइल तुमच्याकडे असेल तर निम्मे काम झाले. म्हणूनच प्रत्येक जाहीर भाषणाचे स्वतःचे रेकॉर्डिंग हवेच. चाळीस मिनिटांतली नऊ सेकंद कापली तर मागची-पुढची मिळून दोन मिनिटे त्याच दिवशी बाहेर देता येतात, आणि खुलाशाच्या लेखापेक्षा ती दोन मिनिटे जास्त कामाची.

तक्रार तीन ठिकाणी : त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्नता दाखवणारा किंवा बनावट जोडलेला फोटो तक्रारीनंतर काढण्यासाठी कंपन्यांना २४ तासांची मर्यादा घालून दिली. स्त्रीच्या विनयाला धक्का देणाऱ्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७९, बदनामीसाठी ३५६. निवडणूक काळात आयोगाकडेही जा. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना बजावले की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायचा.

रोजच्या शिवीगाळीला काय करावे? सगळ्याची तक्रार तर करता येत नाही.

येत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात अ‍ॅम्नेस्टी इंडियाने ९५ भारतीय महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेले ट्वीट तपासले. त्यांतले १३.८ टक्के त्रासदायक किंवा अपमानास्पद निघाले. म्हणजे एकेकीच्या वाट्याला दिवसाला सुमारे ११३. हे एकट्या बाईने वाचत बसू नये. खाते सांभाळणारी दुसरी व्यक्ती नेमा आणि तिला तीन कप्पे द्या : धमकी आणि लैंगिक मजकूर, म्हणजे जतन करून पोलिसांकडे, खोटी माहिती, म्हणजे एकदा कागदपत्रांसह उत्तर, बाकी सगळे, म्हणजे दुर्लक्ष. कामावरची कडवट टीका मात्र पुसू नका. ती पुसली की ‘टीका सहन होत नाही’ हीच प्रतिमा बनते, आणि यावेळी ती खरी असते.

निवडणुकीतल्या जाहिरातींबद्दल काय लक्षात ठेवावे?

वाहिनी, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीची पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत राष्ट्रीय आणि राज्य पक्षांनी आणि प्रत्येक उमेदवाराने किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीलाही हीच परवानगी. प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७ अ लागते. प्रतिस्पर्ध्याने तुमच्या नावाने निनावी पत्रक वाटले तर प्रत जपा, हेच कलम तुमच्या बाजूने आहे. आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करायची नाही, हे आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात लिहिलेले आहे. गोव्यात या तरतुदीचा आधार फार कमी जणी घेतात, घ्यायला हवा.

वर्तमानपत्राने बदनामीकारक मजकूर छापला तर दाद कुठे?

आधी संपादकांना लेखी पत्र, नेमके वाक्य आणि त्याची चूक दाखवून. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे मागा. उत्तर समाधानकारक नसेल तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार. दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. परिषद दंड करत नाही, ताकीद देते किंवा नापसंती नोंदवते. तरी ती नोंद पुढच्या वेळी उपयोगी पडते.

आम्ही वार्ताहर आहोत. डेस्कवर लगेच काय बदलता येईल?

मथळा सोडण्याआधी बाईच्या नावाच्या जागी शेजारच्या मतदारसंघातल्या पुरुषाचे नाव ठेवून वाचा. विचित्र वाटले तर मथळा बदला. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि पद, दुसऱ्या उल्लेखापासून पुरुषाला जे लावता तेच : त्याला आडनावाने लिहीत असाल तर तिलाही. पती-पत्नी दोघे आमदार असतील आणि आडनावाने घोटाळा होत असेल तर दोघांचीही पूर्ण नावे लिहा, एकट्या तिलाच पहिल्या नावावर आणू नका. महिलादिन सोडून खाणी, म्हादई, जमीन रूपांतर, अर्थसंकल्प या विषयांवर तिची प्रतिक्रिया घ्या. फोनच्या यादीत खात्यांच्या विषयांपुढे महिला प्रतिनिधींचे नंबर लिहून ठेवले की घाईच्या वेळी हात त्या नावावर जातो.